उसनी चाल, समोरचा फड

रिमिक्सच्या स्पर्धेत एकाच गाण्याचे सुटे भाग सगळ्यांच्या हाती येतात: गायिकेचा आवाज, ठेका, सुरावट. ठरलेल्या मुदतीत ज्याने त्याने त्यातून आपले गाणे घडवायचे आणि निवाडा इतरांनी करायचा. हा खेळ संगणक आणि इंटरनेटसोबत आला, असे आपण गृहीत धरतो. अमळनेर-पारोळ्याकडच्या वरातीत अहिराणी गाण्यांचे डीजे रिमिक्स कानठळ्या बसवू लागले, की जुनी माणसे त्याला सरळ चोरी म्हणतात. आवाजाबद्दलची त्यांची तक्रार मला मान्य आहे, चोरीबद्दलची अर्धीच. दुसऱ्याची चाल घेऊन चारचौघांत झुंजण्याची रीत खानदेशाला नवी नाही. जुन्या काळी ती उसनवारी चोरी का ठरली नाही, हा खरा प्रश्न आहे.

उत्तर कलगी-तुऱ्यात, म्हणजे दोन फडांमधल्या सवाल-जवाबाच्या गाण्यांच्या सामन्यात सापडते. तुकनगीर नावाचा साधू आणि शहाअली नावाचा फकीर यांच्यापैकी पहिल्याला चंदेरीच्या राजाने तुरा, दुसऱ्याला कलगी दिली, अशी याची दंतकथा. तुरेवाले शिवाला थोर मानतात, कलगीवाले शक्तीला. ही परंपरा राजस्थान-माळव्यात आहे, निमाडात आहे, महाराष्ट्रात कोकणापर्यंत पोहोचली आहे. निमाडाला लागूनच असलेल्या खानदेशाने ती चांगलीच मुरवून घेतली. सामन्याचा नियम मोठा कडक. एका फडाने ज्या चालीत आणि ज्या यमकात सवाल टाकला, त्याच चालीत, त्याच यमकात दुसऱ्याने जवाब बांधायचा. म्हणजे प्रतिस्पर्ध्याची चाल उचलणे हा गुन्हा नव्हता, ती स्पर्धेची अटच होती. उचलली नाही तर हार. पण याला एक कुंपण होते. शेवटच्या कडव्यात कवीची छाप, म्हणजे नाममुद्रा, यायची, बहुधा गुरूचे किंवा आखाड्याचे नावही. आणि ज्याची चाल घेतली तो चार हातांवर चंग घेऊन बसलेला असायचा. त्याच्या देखत ती चाल आपली म्हणून खपवण्याची सोयच नव्हती. श्रोत्यांनीही सवाल नुकताच ऐकलेला असे, त्यामुळे जवाबात भर किती आणि नक्कल किती हे त्यांना जागेवर कळे. माझे म्हणणे एवढेच, की उसनवारी प्रामाणिक ठेवण्याचे काम तिथे कुणाच्या सज्जनपणाने नव्हे, सामन्याच्या रचनेने केले.

यावर कुणी म्हणेल, कलगी-तुरा हा शब्दांचा आणि शास्त्रार्थाचा वाद. त्याची तुलना ठेका बदलून बास वाढवण्याशी कशी करता? आक्षेपात तथ्य आहे. पुराणातले कोडे सोडवायला जी तयारी लागते, ती सॉफ्टवेअर देत नाही. पण जुन्या काळी उसनी चाल फक्त वादापुरती होती असे नाही. मराठी संगीत नाटकांची जुनी पुस्तके उघडा: पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा मुखडा छापलेला दिसतो. 1880 साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणाऱ्या किर्लोस्करांनी साकी, दिंडी आणि लोकांच्या ओठांवरच्या चाली बेधडक वापरल्या. गोविंदराव टेंब्यांनी 1911 च्या ‘मानापमाना’त हिंदुस्थानी ढंगाच्या सुरावटी मराठी पदांना दिल्या, आणि त्या पदांनी नाव गाजवणारे बालगंधर्व गाण्याचे पहिले धडे जळगावात मेहबूबखाँकडे शिकले होते. जात्यावरच्या ओवीत तर चाल सगळ्या बायकांची आणि ओवी जिची तिची. खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींची प्रतिभा त्याच सामाईक घाटातून वर आली. तिला कुणी नक्कल म्हटले नाही.

बिघडले ते कॅसेटच्या काळात. 1980 च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या सवलतीचा आधार घेऊन गाजलेली गाणी दुसऱ्या आवाजांत भराभर विकली गेली. त्यात टी-सिरीज आघाडीवर होती. 2012 च्या दुरुस्तीने अशा आवृत्त्यांना पाच वर्षे थांबण्याची अट घातली. मधल्या काळात एक गोष्ट निसटली. चाल उसनी घेणारा आणि ज्याची चाल घेतली तो, हे समोरासमोर राहिले नाहीत. भिल्ल-पावऱ्यांच्या नाचाचा ठेका बँडने उचलला, बँडचा डीजेने, आणि वरातीत नाचणाऱ्याला तो कुठून आला याचा पत्ता नाही. उलट, 2004 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सने सुरू केलेल्या सीसीमिक्सटर या रिमिक्सच्या संकेतस्थळावर प्रत्येक रचनेसोबत तिने काय कुणाकडून घेतले आणि तिच्यातून पुढे कुणी काय केले, हे दोन्ही नोंदलेले असते. डीजेच्या भिंतीपेक्षा ही व्यवस्था मला सामन्याच्या फडाला जवळची वाटते. तिथेही ज्याचे घेतले तो हजर असतो.

आता दुसरा आक्षेप, आणि हा जास्त वजनदार आहे. ओवीच्या चालीवर कुणाची चूल अवलंबून नव्हती. आजच्या अहिराणी गायकाची असते. युट्यूबवर गाजलेल्या गाण्याचे परवानगीशिवाय दहा रिमिक्स निघाले तर नुसते नाव घेऊन त्याचे पोट भरत नाही. हे खरेच आहे. म्हणून परंपरेचा दाखला देऊन फुकटेगिरीचे समर्थन करता येणार नाही. जिथे पैसा आहे तिथे परवानगी आणि वाटा दोन्ही हवेत. पण कायद्याने चाल कुलूपबंद केली तर नवा शाहीर शिकणार कशावर? स्पर्धा ही मधली वाट आहे, कारण तिथे मूळ मालक स्वतःहून चाल मैदानात टाकतो. आखाजीला किंवा गणपतीत गाण्यांच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी रिमिक्सचाही एक गट ठेवावा. नियम दोनच पुरेत: चाल मालकाच्या संमतीने घ्यायची, आणि गाणे सुरू होण्यापूर्वी ती कुणाची, कुठल्या गावची, हे माइकवरून सांगायचे.