विमानतळाबाहेर पडायचंच नाही, तरी व्हिसा का लागतो? ट्रान्झिट व्हिसा आणि टर्मिनल बदलण्याचं पूर्ण गणित

मुंबईहून टोरांटो किंवा शिकागोचं तिकीट पाहिलं की आकडा बघून घाम फुटतो. मग वेबसाइट खाली एक स्वस्त पर्याय दाखवते : लंडनमार्गे किंवा फ्रँकफर्टमार्गे, मध्ये पाच तासांचा थांबा. आपण तारीख आणि रक्कम बघतो आणि पैसे भरून मोकळे होतो. पण त्या पाच तासांच्या थांब्यालाही स्वतंत्र नियम असतात आणि ते पाळले नाहीत तर मुंबईच्या चेक-इन काउंटरवरूनच घरी परतायची वेळ येऊ शकते.

मुलांना भेटायला एकटे निघालेले आई-बाबा असोत किंवा पहिल्यांदा परदेशात शिकायला चाललेला विद्यार्थी, प्रश्न साधारण सारखेच असतात. एकेक करून समजून घेऊ.

एअरसाइड आणि लँडसाइड म्हणजे काय?

सगळा खेळ या दोन शब्दांचा आहे. विमानतळाचे दोन भाग असतात. इमिग्रेशनच्या अलीकडचा, म्हणजे विमानातून उतरल्यावर गेट, दुकानं, वेटिंगच्या खुर्च्या असलेला भाग म्हणजे एअरसाइड. पासपोर्टवर शिक्का मारून घेतल्यावर जिथे पोहोचता, जिथे बॅगा मिळतात आणि टॅक्सी उभ्या असतात, तो लँडसाइड.

एअरसाइडला असताना तुम्ही कायद्याच्या भाषेत त्या देशात 'प्रवेश' केलेला नसतो. त्यामुळे अनेक देश अशा प्रवाशाकडे व्हिसा मागत नाहीत. पण काही देश तिथे थांबायलाही व्हिसा मागतात. त्यालाच ट्रान्झिट व्हिसा म्हणतात. आणि काही देशांत तर एअरसाइडला थांबून पुढे जाण्याची सोयच नाही.

म्हणजे स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न हा : माझ्या प्रवासात मला मधल्या देशाचं इमिग्रेशन ओलांडावं लागणार आहे का?

व्हिसा नसेल तर अडवतं कोण?

बहुतेकांना वाटतं, जे काही व्हायचं ते तिकडे उतरल्यावर होईल. प्रत्यक्षात तुम्हाला अडवतात ते इथले एअरलाइनचे कर्मचारी. कागदपत्रं अपुरी असलेला प्रवासी आणला तर अनेक देश एअरलाइनला दंड करतात. ब्रिटनमध्ये तो एका प्रवाशामागे २००० पौंडांपर्यंत असू शकतो. शिवाय त्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारीही एअरलाइनवर येते.

म्हणून काउंटरवरचा माणूस तुमचा पासपोर्ट, व्हिसा आणि पूर्ण प्रवासाचा मार्ग 'टिमॅटिक' नावाच्या प्रणालीत तपासतो. जगभरच्या एअरलाइन्स वापरतात ती ही माहिती. तिथे 'ट्रान्झिट व्हिसा आवश्यक' असं आलं, तर 'मी बाहेर पडणारच नाहीये' हे सांगून काही उपयोग होत नाही.

भारतीय पासपोर्ट असेल तर कुठे काय नियम?

ब्रिटन : इमिग्रेशन न ओलांडता विमान बदलायचं असलं, तरी भारतीयांना 'डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा' लागतो. इमिग्रेशन ओलांडायचं असेल, तर 'व्हिजिटर इन ट्रान्झिट' हा वेगळा व्हिसा आहे आणि त्यावर ४८ तासांच्या आत देश सोडावा लागतो. मोठी सूट अशी की अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा जवळ असेल, तर एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. कॅनडाला शिकायला जाणारे अनेक विद्यार्थी लंडनमार्गे जातात ते याच सवलतीवर.

युरोपातले शेंगेन देश : इथे 'एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा' असतो. तो ज्यांना सगळ्याच शेंगेन देशांत लागतो अशा देशांच्या सामाईक यादीत पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आहेत, भारत नाही. पण प्रत्येक देश स्वतःची वेगळी अट घालू शकतो. जर्मनी अनेक वर्षं भारतीयांकडे हा व्हिसा मागत आली. जानेवारी २०२६ मध्ये जर्मन चान्सलर फ्रीडरिश मेर्त्स भारतात आले, तेव्हा भारतीय पासपोर्टधारकांसाठी ही अट काढण्याची घोषणा झाली. यातून एक गोष्ट लक्षात घ्या : हे नियम बदलतात. मित्राचा तीन वर्षांपूर्वीचा अनुभव आजचा नियम नसतो.

शेंगेनमधला खरा सापळा मात्र वेगळा आहे. समजा तुमचा मार्ग मुंबई–फ्रँकफर्ट–ॲमस्टरडॅम–न्यूयॉर्क असा आहे. मधले दोन्ही थांबे शेंगेन देशांत आहेत. फ्रँकफर्ट–ॲमस्टरडॅम हा प्रवास त्यांच्यासाठी आपल्या पुणे–दिल्लीसारखा. त्यामुळे फ्रँकफर्टलाच इमिग्रेशन होतं आणि तुम्ही शेंगेनमध्ये 'प्रवेश' करता. तिथे एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा किंवा त्यातून मिळालेली सूट कामाला येत नाही, पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असला तरीही. म्हणून युरोपमार्गे जाताना शेंगेनमध्ये एकच थांबा असलेलं तिकीट घ्या.

अमेरिका : इथे एअरसाइड ट्रान्झिट हा प्रकारच नाही. मेक्सिकोला जाताना नुसतं ह्यूस्टनला विमान बदलायचं असलं, तरी इमिग्रेशन आणि कस्टम्स दोन्ही करावं लागतं. त्यासाठी सी-१ हा ट्रान्झिट व्हिसा किंवा बी१/बी२ व्हिसा हवा. व्हिसाशिवाय ट्रान्झिटची एक योजना पूर्वी होती, ती ऑगस्ट २००३ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून बंद झाली.

कॅनडा : भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. तो ४८ तासांपर्यंतच्या थांब्यासाठी असतो आणि त्याला फी नाही. पण फुकट आहे म्हणजे लगेच मिळेल असं नाही. अर्जाला वेळ लागतो.

दुबई, दोहा : एकाच तिकिटावर पुढे जात असाल आणि विमानतळाबाहेर पडणार नसाल, तर व्हिसा लागत नाही. दुबई शहर बघायचं असेल, तर ४८ आणि ९६ तासांचे ट्रान्झिट व्हिसा मिळतात. ते आधीच घ्यावे लागतात.

सिंगापूर : चांगीला एअरसाइडला थांबायला व्हिसा लागत नाही. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान अशा ठरावीक देशांचा वैध व्हिसा जवळ असेल, तर अटी पूर्ण करणाऱ्या भारतीयांना ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय शहरातही जाता येतं.

परतीच्या प्रवासाचं काय?

हा मुद्दा हमखास विसरला जातो. जाताना तुम्हाला सूट मिळाली ती अमेरिकेचा वैध व्हिसा होता म्हणून. परत येताना तो व्हिसा संपलेला असेल तर?

एच-१बी वर काम करणाऱ्यांच्या बाबतीत हे बरेचदा होतं. अमेरिकेत राहण्याची आणि कामाची मुदत वाढलेली असते, पण पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख उलटलेली असते. नवा शिक्का घ्यायलाच तर ते भारतात येत असतात. मुदतवाढीचा कागद म्हणजे व्हिसा नव्हे, त्यामुळे लंडन किंवा युरोपमार्गे येताना सूट लागू होईलच असं धरून चालू नका. अशा वेळी थेट विमान किंवा आखाती देशांमार्गे येणं सोपं पडतं.

तिकीट एक आहे की दोन?

मुंबई ते न्यूयॉर्क एकाच पीएनआरवर असेल, तर साधारणपणे बॅग थेट शेवटच्या विमानतळापर्यंत जाते, पुढचा बोर्डिंग पासही मिळतो. पहिलं विमान उशिरा पोहोचून दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात जागा देणं ही एअरलाइनची जबाबदारी असते.

पण पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली असतील, तर हिशेब बदलतो. बॅग मधल्या विमानतळावर घ्यावी लागते. त्यासाठी इमिग्रेशन ओलांडावं लागतं, म्हणजे त्या देशात प्रवेशाचा व्हिसा हवा. मग पुन्हा चेक-इन, पुन्हा सिक्युरिटी. आणि दुसरं विमान चुकलं तर दुसऱ्या एअरलाइनच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, पैसे गेले. बुकिंग साइटवर 'सेल्फ ट्रान्सफर' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हाच.

बॅगेची खात्री करायला काउंटरवर मिळालेल्या टॅगवर शेवटच्या शहराचा कोड बघा. न्यूयॉर्कला चाललात आणि टॅगवर लंडनचा एलएचआर छापला असेल, तर तिथेच विचारा. अमेरिकेत मात्र पुढचं विमान असलं, तरी साधारणपणे पहिल्या विमानतळावर बॅग उचलून कस्टम्समधून न्यावी लागते आणि मग पुन्हा जमा करावी लागते. परदेशातून मुंबईत उतरून नागपूरचं विमान पकडतानाही बहुतेक वेळा असंच असतं.

टर्मिनल बदलायचं म्हणजे बाहेर पडायचं का?

हे विमानतळावर अवलंबून आहे.

- हीथ्रो (लंडन) : २, ३, ४ आणि ५ अशी टर्मिनल आहेत. १ नंबरचं २०१५ मध्ये बंद झालं. 'फ्लाइट कनेक्शन्स' पाट्यांच्या मागे गेलात, तर एअरसाइडच्या मोफत बस मिळतात. इमिग्रेशन नाही, पण सिक्युरिटी पुन्हा होते. ब्रिटिश एअरवेजची उड्डाणं ५ आणि ३ अशा दोन टर्मिनलवरून होतात, म्हणून 'एअरलाइन एकच आहे' एवढ्यावर निर्धास्त राहू नका.
- दुबई : टर्मिनल १ आणि ३ एका बाजूला, तर २ धावपट्ट्यांच्या पलीकडे. एमिरेट्स ३ वरून आणि फ्लायदुबईची बरीच विमानं २ वरून उडतात. मध्ये बस आहे, पण वेळ जातो.
- चांगी (सिंगापूर) : १, २ आणि ३ मध्ये स्कायट्रेन, ४ साठी बस.
- शार्ल द गोल (पॅरिस) : टर्मिनल जोडणारी मोफत ट्रेन इमिग्रेशनच्या बाहेरच्या भागात आहे. व्हिसा नसेल तर तिच्याकडे न जाता 'कनेक्टिंग फ्लाइट्स'च्या पाट्या पकडा.
- जेएफके (न्यूयॉर्क) : टर्मिनल बदलायला बाहेर येऊन एअरट्रेन घ्यायची आणि पुन्हा सिक्युरिटी करायची.

सिक्युरिटी पुन्हा होणार असेल, तर वाटेत घेतलेलं अत्तर किंवा दारू दुकानाने दिलेल्या सीलबंद पिशवीतच ठेवा. पिशवी उघडली की जप्त होऊ शकते.

विमानतळच वेगळा असेल तर?

तिकिटावर 'लंडन' लिहिलेलं असतं, पण उतरायचं हीथ्रोला आणि पुढचं विमान गॅटविकहून. टोकियोत नारिता आणि हानेदा. इस्तंबूलमध्ये एक विमानतळ युरोपच्या बाजूला, दुसरा साबिहा गोकचेन आशियाच्या बाजूला. अशा प्रवासात देशात प्रवेश करावाच लागतो.

हे आता आपल्याकडेही आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. गोव्यात दाबोळी आणि मोपा. मुंबईच्या जुन्या विमानतळाची टी१ आणि टी२ ही टर्मिनलंही आतून जोडलेली नाहीत, बाहेर येऊन रस्त्याने किंवा मेट्रो ३ ने जावं लागतं. व्हिसाचा प्रश्न आपल्याला नाही, पण विमान चुकण्याचा आहे.

पैसे भरण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१. पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर आहे का?
२. बॅग शेवटपर्यंत थेट जाणार आहे का?
३. दोन्ही विमानं एकाच विमानतळावरून आहेत का, आणि टर्मिनल बदलायला बाहेर पडावं लागतं का?
४. शेंगेन देशांत एकापेक्षा जास्त थांबे आहेत का?
५. ज्या व्हिसाच्या जोरावर सूट मिळते, तो परतीच्या तारखेलाही वैध आहे का?

उत्तरं ट्रॅव्हल एजंटच्या शब्दावर सोडू नका. त्या देशाच्या दूतावासाची किंवा सरकारी व्हिसाची वेबसाइट बघा, मग एअरलाइनला विचारा, शक्य असेल तर ईमेलवर. आई-बाबा एकटे जाणार असतील, तर दोन थांब्यांपेक्षा एक थांबा, टर्मिनल न बदलणारा मार्ग आणि निदान तीन तासांचा वेळ असलेलं तिकीट घ्या. बुकिंग करतानाच व्हीलचेअर मागितली, तर विमानतळावरचा कर्मचारी त्यांना पुढच्या गेटपर्यंत पोहोचवतो. तिकिटात चार-पाच हजार रुपये जास्त गेले तरी चालतील, पण भाषा न समजणाऱ्या विमानतळावर त्यांना काउंटर शोधत फिरावं लागू नये.