विलंब : दोष आणि पुरावा

संगणकावरील खेळात ध्वनी तुटू लागला, की तो तात्पुरता साठविणाऱ्या स्मृतीच्या कप्प्याकडे प्रथम पाहावे लागते. कप्पा लहान असून मध्येच रिता झाल्यास खरखर उमटते. तो मोठा केल्यास खरखर थांबते, परंतु ध्वनी उशिरा पोहोचतो. खेळणाऱ्याच्या दृष्टीने हे दोन्ही दोषच होत.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरासाठी योजिलेल्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेचा पूर्वेतिहास पाहता मात्र या दोहोंत भेद करावा लागतो. तेथे टिपावयाच्या गुरुत्वीय तरंगांची वारंवारता श्राव्य ध्वनीच्या कक्षेतीलच आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन येथे उमटलेला संकेत सुमारे ३,००० किलोमीटरवरील हॅनफर्ड येथे सुमारे ७ मिलिसेकंदांनी पोहोचला. हा विलंब दोष नव्हता. तरंगाच्या दिशेचा तो पुरावा होता. उलट, १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनापूर्वी सुमारे १.१ सेकंद लिव्हिंग्स्टनच्या नोंदीत उपकरणाची क्षणिक खरखर मिसळली. ती बाजूला सारल्यावरच त्या नोंदीवरून उगमाची दिशा ठरविता आली.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मान्यता दिली. अमेरिकेपासूनचे दूरत्व हेच औंढ्याचे बळ होय. अंतर वाढले की विलंब वाढतो व दिशा अधिक काटेकोर ठरते. तथापि वाहतुकीचे व यंत्रांचे भूकंपनही नोंदीत शिरू शकते. सबब उपकरणाइतकीच तेथील भूमीची शांतताही जपणे अगत्याचे आहे.