महाराष्ट्र निसर्ग उद्यान, माहीम

मुंबईत धारावी व माहीम यांच्या सीमेवर, मिठी नदीच्या दक्षिण काठावर लागवडीतून उभे राहिलेले वन आणि निसर्गशिक्षण केंद्र. ‘माहीम नेचर पार्क’ या नावानेही ते ओळखले जाते. क्षेत्रफळ सुमारे १५ हेक्टर (३७ एकर). ही जागा पूर्वी शहराचे डंपिंग ग्राउंड होती. साचलेल्या कचऱ्यावर माती पसरून, झाडे लावून आणि पावसाचे पाणी अडवून तिथे वन वाढवण्यात आले. २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी, ते लोकांसाठी खुले झाले. उष्ण व दमट हवेच्या दाट वस्तीच्या शहरात टिकाऊ उद्यान कसे घडवावे, याचे महाराष्ट्रातील हे सर्वांत बोलके उदाहरण आहे.

स्थान व परिसर

उद्यानाच्या दक्षिणेकडून शीव-वांद्रे जोडरस्ता जातो आणि रस्त्यापलीकडे धारावीची वस्ती आहे. उत्तरेला मिठी नदी व खाडीकाठची तिवरे आहेत, तर नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या इमारती दिसतात. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी जवळपास १८ किलोमीटरचा प्रवास करून माहीमच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. तिचा बहुतेक मार्ग कारखाने, झोपडवस्त्या, रस्ते व विमानतळ यांच्या मधून जातो. मुखाजवळ पाणी जिरू शकेल अशी मोकळी जमीन फार थोडी उरली आहे. या उद्यानाची जमीन त्यांपैकी एक आहे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठीच्या पुराने मोठी हानी झाली. नदीपात्राचे आकसणे, तिवरांची तोड आणि काठावरचे भराव यांची चर्चा त्यानंतर घरोघरी झाली. पाणी शोषणारी, काँक्रीट नसलेली जमीन शहराच्या सुरक्षिततेसाठी लागते, हे त्या दिवशी मुंबईला कळले. नदीकाठच्या वनाचे मोल मोजताना हा अनुभव विसरून चालत नाही.

इतिहास

या भूखंडावर कचरा टाकणे १९७७ मध्ये थांबले. त्यानंतर जागेचा वापर निसर्गशिक्षणासाठी करावा, ही कल्पना वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेतील कार्यकर्त्यांनी मांडली. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती स्वीकारली. ज्येष्ठ पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते १९८३ मध्ये पहिले रोप लावण्यात आले. उद्यानाच्या आखणीत वास्तुविशारद व पर्यावरण अभ्यासक उल्हास राणे यांचा सहभाग होता.

१९९१ मध्ये या क्षेत्राला संरक्षित वनाचा दर्जा मिळाला. पहिले रोप लागल्यापासून दरवाजे उघडेपर्यंत दशकाहून अधिक काळ गेला. झाडांना मूळ धरायला लागणारा वेळ त्यांना मिळाला, आणि लोक आत आले तेव्हा त्यांना सावली मिळाली. आज सार्वजनिक बागा उद्‌घाटनाच्या तारखेवरून मागे मोजत आखल्या जातात. म्हणून हा क्रम नोंद घेण्याजोगा आहे.

कचऱ्यावरील लागवड

कचऱ्याच्या ढिगावर झाड वाढवणे अवघड असते. पोटातला ओला कचरा कुजताना मिथेन व इतर वायू तयार होतात आणि मुळांना प्राणवायू कमी पडतो. कचरा खचत गेला की जमीन असमान होते, मोठी झाडे कलतात. पावसाचे पाणी त्यातून झिरपताना क्षार व दूषित द्रव्ये बरोबर घेते. काच, प्लास्टिक आणि बांधकामाचा राडारोडा मुळांची वाट अडवतो. खाडीजवळच्या जमिनीत खारेपणाची भर पडते.

अशा ठिकाणी आधी मातीचा थर द्यावा लागतो. मग काटक आणि लवकर वाढणाऱ्या जाती लावल्या जातात. त्यांचा पाचोळा पडून कुजला, गांडुळे व बुरशी आली, की वरच्या थरात कस येतो आणि नाजूक जातींना जागा मिळते. माहीमला पाचोळा झाडाखालीच राहू देण्यावर आणि बागेतल्या कचऱ्याचे खत करण्यावर भर आहे. झाडून लख्ख केलेल्या बागेची सवय असलेल्या पाहुण्याला हे प्रथमदर्शनी अस्ताव्यस्त वाटते. मात्र या वनाची माती त्याच पाचोळ्यातून तयार होत आली आहे.

पाण्याची व्यवस्था

मुंबईत वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने बाग जगवायची तर पाणी साठवणे भाग असते. उद्यानात निसर्गशिक्षण केंद्राच्या छपरावरचे व आवारातले पावसाचे पाणी तळ्यात साठवले जाते आणि कोरड्या महिन्यांत झाडांसाठी वापरले जाते. पिण्याच्या पाण्यासाठी लांबच्या धरणांवर अवलंबून असलेल्या शहरात बागेने आपले पाणी आपणच जमवणे, ही या उद्यानाने घालून दिलेली मोठी शिस्त आहे. पर्जन्यजलसंचय मुंबईतल्या नव्या इमारतींना सक्तीचा होण्याआधीपासून तो इथे चालू होता. तळ्यामुळे चतुर, बेडूक आणि पाणपक्षी यांनाही आसरा मिळाला.

वनस्पतिजीवन

उद्यानात वृक्ष, झुडपे, वेली व औषधी वनस्पती मिळून शेकडो जाती आहेत. करंज, बहावा, कदंब, अर्जुन, सावर, कडुनिंब यांसारख्या देशी वृक्षांनी मुख्य वन बनले आहे. औषधी वनस्पतींचा स्वतंत्र विभाग आहे, तसेच रोपवाटिकाही आहे. तिथून नागरिक घराच्या गॅलरीसाठी किंवा सोसायटीच्या आवारासाठी रोपे घेऊन जातात.

खाडीच्या कडेला तिवरांचा पट्टा आहे. तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली दिसतात. ओहोटीच्या वेळी ती हवेतला प्राणवायू घेतात. शरीरात शिरलेले जादा मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. मुळांच्या जाळ्यात गाळ अडतो, काठ धरून राहतो आणि भरतीचा मार कमी होतो. काही पावलांच्या अंतरात गोड्या पाण्यावरचे वन आणि खाऱ्या पाण्यावरचे वन शेजारी-शेजारी पाहता येते. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला शहराच्या मध्यभागी अशी संधी क्वचितच मिळते.

प्राणिजीवन

इथे शंभराहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. बुलबुल, तांबट, शिंपी, कोकीळ, खंड्या, घार आणि बगळे नियमित दिसतात. हिवाळ्यात स्थलांतरित पक्ष्यांची भर पडते. फुलपाखरांच्याही अनेक जाती आढळतात. त्यांच्यासाठी मधुरस देणारी फुलझाडे पुरेशी नसतात, अळ्यांना खायला विशिष्ट झाडे लागतात. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेल्या नीलवंताच्या अळ्या लिंबाच्या कुळातील पानांवर वाढतात. बहाव्यावर एमिग्रंट गटातल्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, तर रुईवर प्लेन टायगरच्या. म्हणूनच कुरतडलेली पाने हे अशा बागेच्या आरोग्याचे लक्षण ठरते. तिथे कीटकनाशकाचा फवारा मारला तर फुलपाखरेही जातात आणि त्या अळ्यांवर पिल्ले वाढवणारे पक्षीही.

भेट व निसर्गशिक्षण

उद्यानाचे प्रवेशद्वार जोडरस्त्यावर, धारावी बस आगाराच्या समोर आहे. शीव व वांद्रे या दोन्ही बाजूंनी तिथे पोहोचता येते. आत शिरल्यावर काही अंतरातच वाहनांचा आवाज मागे पडतो आणि सावलीत हवेतला फरक अंगाला जाणवतो. पाने बाष्प सोडतात व सूर्याची उष्णता जमिनीपर्यंत पोहोचू देत नाहीत, त्यामुळे हा गारवा येतो.

पावसाळ्यात झाडोरा, बुरशी व बेडूक पाहण्यासारखे असतात. पावसाळा सरताना फुलपाखरे भरपूर दिसतात. ऑक्टोबर ते मार्च हा काळ पक्षिनिरीक्षणाला सोयीचा. सकाळची वेळ केव्हाही चांगली. दुर्बीण, वही आणि शांतपणे चालण्याची तयारी एवढे साहित्य पुरते.

शालेय सहली, निसर्गफेऱ्या, खतनिर्मिती व रोपलागवडीची प्रात्यक्षिके, कार्यशाळा असे उपक्रम येथे अनेक वर्षे होत आले आहेत. या कामाला दिशा देणाऱ्यांत दीर्घकाळ उपसंचालक राहिलेले अविनाश कुबल यांचा उल्लेख करावा लागतो. धारावी, माहीम, शीव या भागांतल्या कित्येक मुलांना झाडावर पक्ष्याचे घरटे प्रथम इथे दिसते. अशा मुलांसाठी हे उद्यान रोजच्या आवाक्यातले वन आहे, आणि त्याची किंमत कोणत्याही दूरच्या अभयारण्याहून कमी नाही.

इतर वनस्पती उद्यानांशी तुलना

भारतातली जुनी वनस्पती उद्याने प्रामुख्याने वसाहतकालीन अर्थकारणातून निर्माण झाली. कोलकात्याजवळील शिबपूरचे उद्यान १७८७ मध्ये सुरू झाले ते व्यापारी उपयोगाच्या वनस्पती वाढवून पाहण्यासाठी. मुंबईच्या भायखळ्यातील राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये खुली झाली. देशोदेशींचे वृक्ष एकत्र आणणे हे तिचे वैभव, आणि तिथले जुने वृक्ष हा शहराचा अमूल्य ठेवा आहे.

एकविसाव्या शतकातील दुसरे टोक म्हणजे सिंगापूरचे ‘गार्डन्स बाय द बे’. समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर १०१ हेक्टरांत ते वसले आहे आणि २०१२ मध्ये त्याचा मुख्य भाग खुला झाला. २५ ते ५० मीटर उंचीचे १८ ‘सुपरट्री’ तिथे आहेत. पोलाद व काँक्रीटच्या या मनोऱ्यांवर वेली व फुलझाडे वाढवली आहेत. त्यांपैकी काहींवर सौर पट्ट्या आहेत, तर काही वातानुकूलन यंत्रणेच्या धुराड्याचे काम करतात. काचेच्या दोन प्रचंड दालनांत भूमध्य समुद्राकाठची आणि उंच डोंगरांवरची थंड हवा निर्माण केली आहे. बागकामातून निघणारा काडीकचरा जाळून त्या यंत्रणेला ऊर्जा पुरवली जाते आणि तळ्यांतील पाणवनस्पती पाणी शुद्ध करतात.

अभियांत्रिकी म्हणून सिंगापूरची कामगिरी थोर आहे. तरीही विषुववृत्ताजवळ थंड प्रदेशाची हवा टिकवण्यासाठी यंत्रे अखंड चालवावी लागतात आणि त्यामागे मोठे भांडवल लागते. माहीमला स्थानिक हवेत जगणारी झाडे, स्थानिक पाऊस व पाचोळा यांवर काम भागते. मर्यादित निधी असलेल्या आणि खराब झालेल्या जमिनी भरपूर असलेल्या भारतीय नगरपालिकांना यातले माहीमचे उदाहरण अधिक उपयोगाचे आहे.

प्रशासन व संरक्षण

महाराष्ट्र निसर्ग उद्यान सोसायटीमार्फत कारभार चालतो व तिला मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा आधार आहे. मोक्याच्या जागेमुळे उद्यानावर विकासाचा ताण कायम असतो. धारावी पुनर्विकासाच्या अधिसूचित क्षेत्रात त्याचा समावेश झाल्यावर पर्यावरण कार्यकर्त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. संरक्षित वन असल्याने उद्यान पुनर्विकासाचा भाग होणार नाही, अशी भूमिका राज्य शासनाने न्यायालयात मांडली. १९९१ चा कायदेशीर दर्जा किती दूरदृष्टीचा होता, हे त्यातून दिसून आले. वन वाढवण्याइतकेच त्याला कायद्याचे कुंपण घालणे आवश्यक असते.

इतर गावांसाठी उपयोग

माहीमची पद्धत मोठ्या शहरापुरती नाही. उदाहरणार्थ, नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील प्रकाशा हे तापी व गोमाई यांच्या संगमावरचे तीर्थक्षेत्र ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखले जाते. तिथल्या टेकाडाच्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे पुरावे मिळाले आहेत, म्हणजे हा काठ हजारो वर्षे माणसाला पोसत आला आहे. तापीवरच्या बॅरेजमुळे आता इथे पाणी अडलेले असते. यात्रेच्या गर्दीबरोबर निर्माल्य आणि कचराही काठावर येतो. अशा नदीकाठी माहीमचा धडा जसाच्या तसा उतरवता येणार नाही. इथे पाऊस मुंबईपेक्षा बराच कमी, उन्हाळा कडक आणि तिवरांचा प्रश्नच नाही. वृक्षांची निवड सातपुड्यातून करावी लागेल: अंजन, सालई, मोह, पळस, चारोळी, तेंदू आणि काठासाठी अर्जुन, करंज. या झाडांची फुले, फळे, डिंक व पाने यांची पारंपरिक जाण जिल्ह्यातील भिल्ल आणि पावरा समाजांकडे आहे. उद्यानाच्या आखणीत त्यांना पहिले स्थान द्यायला हवे.

कामाचा क्रम मात्र तोच राहील. आधी कचरा टाकणे थांबवावे आणि निर्माल्याचे खत करावे. जागेला कायदेशीर संरक्षण मिळवावे. पावसाचे पाणी अडवावे, गावच्या हवेतल्या जाती लावाव्यात, पाचोळा जागेवर राहू द्यावा, आणि निदान दहा वर्षे धीर धरावा. कमान, कारंजी व रोषणाई यांचा विचार त्यानंतर करता येतो. माहीमला शहराने टाकून दिलेल्या जमिनीवर हे साधले, तर ज्या काठाला लोक पवित्र मानतात तिथे ते साधणे अधिक सोपे असायला हवे.