बंदुकीवरील दुर्बीण

मनुष्याच्या हातांतील शस्त्रें त्याच्या डोळ्यांपेक्षां नेहमींच अधिक वेगानें सुधारत आलीं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रायफलीची गोळी तीन-चारशें यार्डांवर जाऊन प्राण घेऊं शकत होती. परंतु तेवढ्या अंतरावर उभें असलेलें हरिण नर आहे कीं मादी, इतकेंच काय, तें हरिण आहे कीं झुडूप, हें निश्चयानें ओळखण्याची शक्ति नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत नव्हती. हात लांब झाला आणि दृष्टि आंखूडच राहिली. ही उणीव भरून काढण्यासाठीं जें साधन निघालें, तें बंदुकीवर बसवावयाची दुर्बीण. आज अमेरिकेंत हरिण आणि एल्क यांच्या शिकारीस नव्यानें निघणारा मनुष्य दुकानांत जातो, तेव्हां त्याच्यापुढें दुर्बिणींची रांगच्या रांग मांडली जाते, आणि यांतील कोणती घ्यावी या विचारानें तो गोंधळून जातो. प्रश्न खरेदीचा दिसतो. पण त्याचें उत्तर या उपकरणाच्या इतिहासांत आहे, आणि तें केवळ भिंगांच्या शास्त्राचें नसून थोडेंबहुत नीतीचेंहि आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व त्याच्या पुढील दुरुस्त्यांनीं शिकारीचा शौक इतिहासजमा केला. त्यामुळें हा विषय वाचकांस परका वाटण्याचा संभव आहे. अमेरिकेंतील व्यवस्था निराळी आहे. तेथें प्रत्येक संस्थान दरवर्षीं हंगाम ठरवितें, परवान्यांची संख्या ठरवितें, आणि पुष्कळ ठिकाणीं सूर्योदयापूर्वीं अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढाच काळ शिकारीस मोकळा ठेवितें. ज्या एल्कचा येथें वारंवार उल्लेख येईल, तो आपल्या सांबराच्या जातकुळीचा, पण त्याहून मोठा प्राणी होय. रॉकी पर्वतांतील पूर्ण वाढलेल्या नराचें वजन ३०० किलोपर्यंत, कधीं त्याहूनहि अधिक भरतें.

प्रथम मूळ अडचण कोणती होती तें पाहूं. साध्या बंदुकीनें नेम धरावयाचा म्हणजे डोळ्याजवळची खांच, नळीच्या टोकाची माशी आणि दूरचें लक्ष्य, या तिहींस एका रेषेंत आणावें लागतें. परंतु डोळा एका वेळीं एकाच अंतरावरची वस्तु स्पष्ट पाहूं शकतो. माशी रेखीव दिसूं लागली कीं हरिण अंधुक होतें. हरणाकडे पाहावें तर माशी विरून जाते. तरुण डोळा ही कसरत कशीबशी पार पाडतो. चाळिशी उलटलेल्याला ती साधत नाहीं.

या अडचणीवरील उपाय बंदूकवाल्यांच्या नव्हे, तर ज्योतिर्विदांच्या हातून सांपडला. १६०८ सालीं हॉलंडांत हान्स लिपरशे यानें दुर्बिणीच्या पेटंटसाठीं अर्ज केला आणि पुढल्याच वर्षीं गॅलिलिओनें ती आकाशाकडे वळविली. १६११ सालीं केप्लरनें दोन बहिर्गोल भिंगांच्या दुर्बिणीची कल्पना मांडली. अशा दुर्बिणींत दूरच्या वस्तूची प्रतिमा नळीच्या आंतच एका जागीं उमटते, आणि नेमक्या त्या जागीं एखादा धागा ताणून बसविला, तर धागा आणि वस्तु दोन्ही सारख्याच स्पष्ट दिसतात. हें मर्म यॉर्कशायरमधील विल्यम गॅस्कॉइन या तरुण संशोधकास १६४० च्या सुमारास उमगलें. एका कोळ्यानें त्याच्या दुर्बिणींत जाळें विणलें आणि त्या जाळ्याचा तंतु ताऱ्याइतकाच रेखीव दिसला, असें सांगतात. गॅस्कॉइननें त्याचा उपयोग ग्रहताऱ्यांचीं सूक्ष्म अंतरें मोजण्याकडे केला. १६४४ सालीं इंग्लंडांतील यादवी युद्धांत मार्स्टन मूर येथें तो मारला गेला.

तत्त्व हातीं आलें, तरी तें बंदुकीवर चढण्यास पुढें दोनशें वर्षें लागलीं. याचें कारण बंदुकीच्याच अंगीं होतें. गुळगुळीत नळीची जुनी बंदूक शंभर यार्डांवर मनुष्याच्या देहाएवढें लक्ष्य गांठील कीं नाहीं याची शाश्वति नसे. अशा हत्यारावर दुर्बीण बसविणें म्हणजे आंधळ्याच्या नाकावर चष्मा चढविणें होय. नळीच्या आंत पीळदार खांचा पाडण्याची कला अमेरिकन कारागिरांनीं पूर्णतेस नेली, तेव्हां कोठें डोळ्याची उणीव खरोखर जाणवूं लागली. जॉन चॅपमन या स्थापत्यविशारदानें अमेरिकन रायफलीवर ग्रंथ लिहिला. त्यांत न्यूयॉर्क संस्थानांतील युटिका गांवच्या मॉर्गन जेम्स या बंदूककारानें केलेल्या दुर्बिणीचें वर्णन आहे. जवळजवळ रायफलीच्या नळीइतकीच लांब अशी ती धातूची बारीक नळी होती. १८५५ सालीं त्याच संस्थानांत सिराक्यूज येथें विल्यम माल्कम या भिंगकारानें रंगदोषरहित भिंगें वापरून दुर्बिणी करण्यास आरंभ केला. साध्या भिंगांतून वस्तूच्या कडांना तांबडीनिळी झालर दिसते, ती या योजनेनें नाहींशी झाली. माल्कमच्या दुर्बिणी वस्तु तिपटीपासून विसपटीपर्यंत मोठी दाखवीत.

एवढ्यांत अमेरिकेंतील यादवी युद्ध (१८६१-६५) पेटलें आणि हीं यंत्रें हरणांऐवजीं माणसांवर रोखलीं गेलीं. दोन्ही पक्षांनीं निवडक नेमबाजांस दुर्बिणीच्या रायफली दिल्या. दक्षिणेकडील सैनिकांपाशीं असलेल्या कांहीं इंग्लिश व्हिटवर्थ रायफलींवर डेव्हिडसन यांच्या रचनेची दुर्बीण डाव्या अंगास बसविलेली असे. हे डेव्हिडसन एके काळीं मुंबई इलाख्याच्या फौजेंतील अधिकारी होते, ही गोष्ट मराठी वाचकांस कौतुकाची वाटेल.

युद्ध संपलें आणि लांब पल्ल्याच्या रायफली पश्चिमेच्या माळरानांत शिरल्या. १८७० नंतरच्या दहापंधरा वर्षांत तेथील रानगव्यांचे अफाट कळप कातड्यासाठीं कापून काढले गेले. व्यापारी शिकाऱ्यांपैकीं कांहींच्या रायफलींवर माल्कमच्या दुर्बिणी होत्या. दोष एकट्या दुर्बिणीचा नव्हे. आगगाडी, कातड्याचा बाजार आणि सरकारची उदासीनता यांचा वांटा तिच्याहून मोठा होता. तथापि दूर उभें राहून एकामागून एक जनावर पाडण्याची सोय या साधनांनीं करून दिली, हें नाकारतां येत नाहीं. १८८९ सालीं विल्यम हॉर्नडे यांनीं हिशेब मांडला, तेव्हां कोट्यवधींच्या जागीं हजार-अकराशें गवे उरले होते. एल्कचीहि तीच गत झाली. पूर्वेकडील अरण्यांतून तो एकोणिसावें शतक संपण्यापूर्वींच नामशेष झाला.

या संहारांतून जी जागृति झाली ती शिकाऱ्यांपैकींच कांहींच्या पुढाकारानें झाली, हें विशेष होय. १८८७ सालीं थिओडोर रूझवेल्ट, जॉर्ज बर्ड ग्रिनेल प्रभृतींनीं बून अँड क्रॉकेट क्लब स्थापिला. जनावरास निसटण्याची रास्त संधि ठेवूनच शिकार करावी, हा दंडक त्या मंडळानें पुरस्कारिला. १९०० सालीं लेसी कायद्यानें चोरट्या शिकारीच्या आंतरप्रांतीय व्यापारास आळा घातला. १९१२ सालीं वायोमिंगमध्यें एल्कसाठीं राष्ट्रीय आश्रयस्थान झालें. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानें बंदुका व काडतुसें यांवरील कराचें उत्पन्न वन्य प्राण्यांच्या संवर्धनाकडे वळविलें. आज त्या देशांत सुमारें दहा लाख एल्क असल्याचा अंदाज आहे. मर्यादा घातली म्हणून शिकार टिकली, आणि शिकार्‍यांच्या पैशानें जनावरेंहि टिकलीं.

दुर्बिणीची पुढील सुधारणा या नव्या मर्यादांच्या काळांत झाली, आणि म्हणूनच तिचा रोख केवळ अंतराकडे राहिला नाहीं. तो प्रकाशाकडे आणि भरंवशाकडे वळला. जर्मनी व ऑस्ट्रिया येथील शिकारी मचाणावर बसून संधिप्रकाशांत वाट पाहणारे. रानडुकरासाठीं ते रात्रींहि बसतात. त्यांच्यासाठीं व्हिएन्नाच्या काहलेस व जर्मनीच्या झाइस यांसारख्या कारखान्यांनीं रुंद तोंडाच्या, उजळ दुर्बिणी घडविल्या. भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारें शेंकडा ४ प्रकाश परावर्तनानें वायां जातो. असे दहा पृष्ठभाग असले म्हणजे तिसरा हिस्सा प्रकाश वाटेंतच संपतो. १९३५ सालीं झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनीं भिंगांवर अतिसूक्ष्म लेप देऊन ही गळती थांबविण्याची युक्ति काढली. अमेरिकेंत विल्यम वीव्हर यांनीं १९३० सालीं सामान्य मनुष्यास परवडेल अशी दुर्बीण बाजारांत आणली. पुढें ऑरेगनमधील ल्यूपोल्ड या मोजणीचीं यंत्रें करणाऱ्या घराण्यानें या धंद्यांत पाऊल टाकलें. मार्कस ल्यूपोल्ड यांच्या दुर्बिणींत ऐन वेळीं वाफ धरली व हातचें हरिण गेलें, त्या चिडींतून हा उद्योग निघाला, असें तेथें सांगतात. नळींतील दमट हवा काढून कोरडा नायट्रोजन भरण्याचा मार्ग या कारखान्यानें रूढ केला. १९६२ सालीं त्यानेंच बाहेर जाड व मध्यें बारीक अशी छेदरेषा आणली. ती अंधुक उजेडांतहि चटकन् डोळ्यांत भरते.

आतां नवशिक्याच्या प्रश्नाकडे वळूं. दुकानांत प्रथम मोह पडतो तो मोठ्या आंकड्याचा. पण विसपट दाखविणारी दुर्बीण दृष्टीचें क्षेत्र अगदीं चिंचोळें करते. चौपट दुर्बिणींतून शंभर यार्डांवर २५ ते ३० फूट रुंदीचा पट्टा दिसतो. बारापटींत तो दहा फुटांच्या आसपास येतो, आणि झाडींतून चालणारें हरिण त्यांत सांपडतच नाहीं. शिवाय हाताचा कंपहि तितक्याच पटींनीं वाढलेला दिसतो. दुसरा हिशेब उजेडाचा. पुढील भिंगाच्या व्यासास पटीनें भागिलें म्हणजे डोळ्यापाशीं येणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी निघते. ४० मिलिमीटरचें भिंग आठपटीवर ५ मिलिमीटरची शलाका देतें, विसपटीवर अवघी २ मिलिमीटरची. सांजवेळीं मनुष्याची बाहुली ५ ते ७ मिलिमीटर विस्फारते. तिला २ मिलिमीटरचा उजेड कसा पुरावा? उलट ५६ मिलिमीटरचें जड जर्मन भिंगहि डोंगर चढणाऱ्या एल्कच्या शिकाऱ्यास फारसें कामाचें नाहीं. कारण ज्या गडद अंधारासाठीं तें घडलें, त्या अंधारांत गोळी झाडण्यास त्याच्या संस्थानाचा कायदाच परवानगी देत नाहीं. तिसरी गोष्ट, डोळा आणि भिंग यांमधील अंतर. एल्कसाठीं वापरावयाच्या जोरकस रायफलीचा धक्का मोठा. तें अंतर साडेतीन इंचांच्या आसपास नसेल, तर भिंगाची कड भुंवई फोडते.

म्हणूनच जॅक ओ'कॉनर यांच्यासारख्या मुरलेल्या शिकारी-लेखकानें डोंगरांतील शिकारीसाठीं चौपट दुर्बीण पुरेशी मानिली. आज तीनपासून नऊपटीपर्यंत बदलतां येणारी, ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण सर्वत्र मिळते, आणि तीहि बहुतेक वेळां खालच्या आंकड्यावरच ठेवावी. उरलेला पैसा भिंगाच्या गुणावर, तिला रायफलीशीं जखडणाऱ्या भक्कम कड्यांवर आणि सरावाच्या काडतुसांवर खर्च करावा. हरणाच्या छातींतील मर्मस्थान जेमतेम आठ-दहा इंचांचें असतें. ज्या अंतरावर आपली प्रत्येक गोळी तेवढ्या वर्तुळांत पडत नाहीं, त्या अंतरावर कितीहि स्पष्ट दिसलें तरी चाप ओढण्याचा अधिकार आपणांस नाहीं. चुकलेली गोळी मातींत जाते तेव्हां नुकसान काडतुसाचें. ती पोटांत लागते तेव्हां जनावर मैलोगणती दूर जाऊन रानांत तडफडत मरतें, आणि त्याचा हिशेब कोणत्याहि परवान्यांत नसतो.

आणखी एक नियम तेथील शिक्षणवर्गांत कटाक्षानें शिकवितात. कोलोरॅडोंत १ जानेवारी १९४९ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणासहि असें शिक्षण घेतल्यावांचून परवाना मिळत नाहीं. नियम असा, कीं रान न्याहाळण्यासाठीं हातांतली वेगळी दुर्बीण वापरावी, बंदुकीवरची कदापि वापरूं नये. झुडपाआड काय हललें तें पाहावयास रायफल उचलली, आणि तेथें दुसरा शिकारी असला, तर आपण भरलेली बंदूक एका माणसाच्या छातीवर रोखलेली असते. गॅस्कॉइनचा धागा केवळ पाहण्यासाठीं आणि मोजण्यासाठीं होता. बंदुकीवर चढल्यापासून त्या धाग्यामागें मृत्यु उभा आहे. दुर्बीण दूरचें जवळ आणून दाखविते, परंतु गोळीला जावयाचें अंतर एका इंचानेंहि कमी करीत नाहीं. हें ज्याच्या ध्यानीं राहील, त्याला दुकानांतील रांगेंतून आपल्याजोगी दुर्बीण निवडणें फारसें अवघड जाणार नाहीं.