फादर मर्सेन यांची पत्रे

विज्ञानाचा इतिहास सांगताना दुर्बिणी आणि प्रज्ञावंत यांचीच नावे पुढे येतात. पत्रे गोळा करून ती पुढे धाडणाऱ्याकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. ‘मुक्त विज्ञान’ या नावाने आज जगभर रूढ होत असलेल्या रीतीचा मागोवा घेताना आम्ही मात्र अशाच एका धर्मगुरूच्या मठातील खोलीपाशी येऊन थांबलो.

सतराव्या शतकात शोध लावणे आणि तो सांगणे या दोन निराळ्या गोष्टी होत्या. १६१० साली गॅलिलिओला शनी तिहेरी दिसला, तेव्हा त्याने अक्षरांची उलटापालट केलेले एक कोडे प्रागला धाडले. हेतू असा की, शोधाचा मान आपल्या नावे राहावा, पण शोध कोणाच्या हाती लागू नये. केप्लरने ते कोडे सोडवले आणि त्यातून त्याला मंगळाचे दोन चंद्र सापडले!

पॅरिसच्या रोबेर्वालची गोष्ट याहून बोलकी आहे. तो राजविद्यालयात गणिताच्या ज्या अध्यासनावर होता, ते दर तीन वर्षांनी स्पर्धेला खुले होई आणि स्पर्धेचे प्रश्न अध्यासनस्थ प्राध्यापकानेच काढावयाचे असत. आपली रीत छापणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हाती शस्त्र देणेच! म्हणून त्याने ती झाकून ठेवली. पुढे १६४४ मध्ये इटलीच्या तोरिचेल्लीने फिरत्या चाकाच्या कडेवरील बिंदू जी वक्ररेषा काढतो तिच्याविषयीचे निष्कर्ष छापले, तेव्हा रोबेर्वालने त्याच्यावर चोरीचा आळ घेतला. आम्ही त्याला फारसा दोष देणार नाही. ज्याची भाकरी गुपितावर अवलंबून आहे, त्याला औदार्यावर प्रवचन ऐकवणे सोपे असते.

अशा काळात मारें मर्सेन (१५८८–१६४८) या धर्मगुरूंनी निराळा मार्ग धरला. येशूसंघीयांच्या ला फ्लेश येथील विद्यालयात शिकलेले मर्सेन पाओलाचे संत फ्रान्सिस यांच्या मिनिम संघात दाखल झाले. मांस, अंडी, दूधदुभते जन्मभर वर्ज्य, असा त्या संघाचा नेम. पॅरिसमधील त्यांच्या खोलीत देकार्त, फर्मा, तोरिचेल्ली यांची पत्रे येत. एकाचा प्रश्न ते दुसऱ्याला कळवीत आणि उत्तराची नक्कल तिसऱ्याला धाडीत. त्यातून भांडणेही लागली; देकार्त आणि फर्मा यांच्यातील १६३७-३८ चा कडवट वाद त्यांच्याच हातून ये-जा करीत होता. विसाव्या शतकात हा पत्रव्यवहार छापला गेला, तेव्हा त्याचे सतरा खंड झाले.

१६६५ मध्ये पॅरिस आणि लंडन येथे विद्वानांची नियतकालिके निघाली आणि पत्राचे काम छापखान्याने उचलले. तेथून आजवरचा प्रवास मोठा आहे. आम्ही दोनतीनच मुक्काम सांगतो. १९९६ साली बर्म्युडा येथे मानवी जनुकसंचाचा अभ्यास करणाऱ्यांनी आपली माहिती शक्यतो चोवीस तासांत सर्वांना खुली करण्याचे ठरविले. जानेवारी २०२० मध्ये चिनी संशोधकांनी कोरोना विषाणूची जनुकीय मांडणी खुली केली आणि लसींची आखणी लागलीच सुरू झाली. २३ नोव्हेंबर २०२१ रोजी युनेस्कोने मुक्त विज्ञानाची शिफारस स्वीकारली, तीही मर्सेन यांच्याच पॅरिसमध्ये. रोबेर्वालची अडचण मात्र सरली नाही. लेख वाचकाला फुकट मिळावा म्हणून अनेक नियतकालिके लेखकाकडूनच मोठे शुल्क घेतात. गरीब देशांतील संशोधकांनी ते आणावे कोठून?

मर्सेन यांच्याकडे परत येऊ. तोरिचेल्लीने काचेच्या नळीत पारा भरून केलेल्या प्रयोगाची वार्ता फ्रान्समध्ये पसरविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. हवेच्या भारानेच पारा नळीत उभा राहत असेल, तर उंचावर तो उतरला पाहिजे, असे पास्कालच्या मनात आले. त्याच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिये १९ सप्टेंबर १६४८ रोजी नळी घेऊन प्यूई द डोम हा डोंगर चढला. माथ्यावर पारा तीन इंचांहून अधिक उतरला. पास्कालने त्याच वर्षी सारा वृत्तान्त छापून टाकला. फादर मर्सेन यांना तो वाचावयास मिळाला नाही; १ सप्टेंबरलाच ते देवाघरी गेले होते.

त्या दिवशी दुसरी नळी पायथ्याच्या क्लेर्मों गावातच ठेवली होती, तीही मिनिम संघाच्या मठाच्या बागेत. मठातील एक फादर दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवून होते. सायंकाळी मंडळी डोंगरावरून परतली, तेव्हा त्यांनी सांगितले की, येथला पारा हललेला नाही.