जुनापाणीची शिलावर्तुळे

विदर्भ म्हटला की आपणांस रुक्मिणी आठवते, दमयंती आठवते. फार तर वाकाटकांपाशी येऊन आपण थांबतो. त्यांच्याही आधी येथे घोड्यांवर जीव टाकणारे एक लोक राहून गेले. त्यांचे नाव कोणास ठाऊक नाही. त्यांची थडगी मात्र नागपूरच्या उंबरठ्यावर आहेत.

काटोलच्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेले की विरळ रानाच्या टेकाडांवर जुनापाणी लागते. नवखा पाहुणा तेथे देऊळ किंवा तट शोधतो आणि हिरमुसतो, कारण दिसतात ते नुसते काळे धोंडे. पण चार पावले मागे सरून पाहावे. धोंडे फेर धरून बसलेले आहेत! एक कडे, पलीकडे दुसरे, झुडपांत अर्धे बुडालेले तिसरे; अशी सुमारे तीनशे. आत माती व दगडगोट्यांचा भराव, आणि त्याखाली मृताबरोबर ठेवलेली चीजवस्तू. लोक ही वर्तुळे गवळ्यांच्या काळची म्हणत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने काही उकरून 1879 साली त्यांवर लेख लिहिला. त्याला ती आपल्या देशातील जुन्या थडग्यांसारखी वाटली. परमुलखात माणसाला घरचे आठवते, त्यातलाच हा प्रकार असावा. पुढे 1961 च्या सुमारास बी. के. थापर यांनी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले.

खरी गोष्ट उलगडली ती जवळच्याच माहुरझरीला. तेथे 1970 नंतर शां. भा. देव यांनी वर्तुळे खणली, तेव्हा माणसांच्या अस्थींबरोबर घोड्यांच्याही अस्थी निघाल्या. तोंडातली लोखंडी कडियाळी निघाली, घोड्याच्या मुखावर बांधायचा तांब्याच्या पत्र्याचा साजही निघाला. काही हाडांवर शस्त्राच्या खुणा आहेत. म्हणजे घोडा आपल्या मरणाने मेला नव्हता, धन्यासाठी मारला होता. एक धडधाकट घोडा म्हणजे त्या घरची केवढी दौलत! ती साजासकट मातीत घालताना त्या घरात कोणी हळहळले नसेल काय? कोणी कुरकुरलेही असेल. माणसे तेव्हाही माणसेच होती.

हे लोक रानटी खासच नव्हते. नायकुंडला लोखंड गाळण्याची त्यांची भट्टी सापडली आहे. कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या ते स्वतः घडवीत; आतून काळी व बाहेरून तांबडी अशी घोटीव भांडी वापरीत. राहत मात्र माती-कुडाच्या घरांत. टाकळघाटला त्यांच्या वस्तीची पांढर खणली, तेथे घरांच्या जागी उरले होते ते जमिनीचे थर आणि खांबांचे खळगे. जिवंतांना कूड आणि मेलेल्यांना कातळ, असा त्यांचा हिशेब!

आज जुनापाणी संरक्षित स्मारक आहे. तरी घडीव नसलेल्या दगडाला राखणे कठीण. मूर्ती चोरणारा चोर ठरतो. असा धोंडा बांधाला लावणाऱ्याला कोण हटकणार? आणि कड्यातला एक दगड हलला की थडग्याची मर्यादाच पुसते.

दिवाळीत तेथे गवत माजलेले असते, तेव्हा पौष-माघात जावे, तेही सकाळी. काही धोंड्यांवर वाटीएवढे लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत. कोवळ्या तिरप्या उन्हात ते स्पष्ट दिसतात. ऊन डोक्यावर आले की दगडात मिसळून जातात. मुलांना ते मोजायला लावावे.