केडगावची प्रार्थना, चौफुल्याची लावणी आणि अरेथाचा पहिला अल्बम

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दक्षिणेकडे निघालं की रस्ता भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरतो, केडगाव गाठतो आणि पुढे चौफुल्याला पुणे-सोलापूर हायवेला मिळतो. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, चौफुल्याला संगीत बारीची कलाकेंद्रं. एकीकडे भजन आणि प्रार्थना, दुसरीकडे ढोलकी, पेटी आणि लावणी. मध्ये अंतर जेमतेम काही किलोमीटरचं. पण केडगावात गाणारी मुलगी उद्या चौफुल्याला गायली तर काय होईल, हा प्रश्नही या भागात कुणी तोंडातून काढणार नाही.

अमेरिकेत मात्र नेमकं हेच घडलं. त्यातून जे गाणं उभं राहिलं त्याला सोल म्हणतात. काळ्या लोकांच्या चर्चमधला आवाज, टाळ्या, एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, हे सगळं तसंच ठेवलं आणि शब्द प्रेमाचे घातले. 1938 मध्ये सिस्टर रोझेटा थार्प या तेवीस वर्षांच्या गायिकेने गिटार घेऊन चर्चची गाणी रेकॉर्ड केली आणि नाइट क्लबातही गायली, तेव्हा चर्चमधले अनेक लोक दुखावले. 1954 मध्ये रे चार्ल्सने गॉस्पेलच्या चालीवर प्रेमगीत बेतलं. बिग बिल ब्रून्झी तर स्वतः ब्लूज गाणारा, पण त्यालाही ही सरमिसळ खटकली. सॅम कुक हा गॉस्पेलचा लाडका गायक. त्याचं पहिलं प्रेमगीत 1957 मध्ये ‘डेल कुक’ या नावाने बाजारात आलं, चर्चचे श्रोते चिडू नयेत म्हणून. आवाज त्याचाच होता, लोकांनी ओळखायचा तो ओळखलाच.

अरेथा फ्रँकलिनची गोष्ट याहून बोलकी आहे. डेट्रॉइटच्या एका नामांकित धर्मोपदेशकाची ही मुलगी. चौदा वर्षांची असताना वडिलांच्याच चर्चमध्ये तिची धार्मिक गाणी रेकॉर्ड झाली. मग 1961 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, कोलंबिया कंपनीने तिचा चर्चबाहेरचा पहिला अल्बम काढला. त्यात जॅझ होतं, ब्लूज होते, नाटकातली गाणीही होती. ऐकणाऱ्यांच्या दोन तक्रारी होत्या आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट होत्या. चर्चवाले म्हणत, पोरीने देवाचं गाणं सोडलं. दुसरे म्हणत, एवढा मोठा आवाज आहे, पण यात चर्च पुरेसं ऐकूच येत नाही. कंपनीने तिला गुळगुळीत करून टाकलं. त्याच वर्षी तिने न्यूयॉर्कमधल्या काळ्या लोकांच्या एका वृत्तपत्रात लिहून खुलासा केला की गॉस्पेलकडून जॅझकडे जाणं म्हणजे देवाचा अनादर नव्हे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीवर पहिल्या अल्बमसोबत खुलासाही देण्याची वेळ यावी, हे आपल्याला नवीन वाटू नये.

आता पुन्हा केडगावला येऊ, कारण या चर्चगायनाच्या इतिहासात केडगावचं नाव येतं. रमाबाई लहानपणी आईवडिलांबरोबर देशभर पायी फिरत पुराणं सांगत. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीचं संस्कृत ऐकून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1883 मध्ये तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि कौतुक करणाऱ्यांपैकी अनेकांनी पाठ फिरवली. विद्वत्ता तीच, जीभ तीच.

पुढे दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि विधवा यांच्यासाठी त्यांनी केडगावची वसाहत उभी केली. तिथे जून 1905 मध्ये मुलींची प्रार्थना एकदम उसळली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, टाळ्या वाजवत गाऊ लागल्या. परदेशी मिशनऱ्यांमध्येच दोन तट पडले. कुणाला ते ईश्वराचं काम वाटलं, कुणाला नुसता गोंगाट. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. आमच्या लोकांनी आमच्या रीतीने भावना व्यक्त केल्या तर त्यांना युरोपियन शिस्तीचं माप लावू नका, अशी त्यांची भूमिका होती. गंमत अशी की या बाईंना स्वतःला ऐकू कमी येत असे.

पुढच्याच वर्षी, 1906 मध्ये, लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सीमोर या काळ्या उपदेशकाच्या सभांमध्ये अशाच प्रार्थना सुरू झाल्या. केडगावमुळेच त्या झाल्या, असं मी म्हणणार नाही. पण जगभरच्या पेंटेकोस्टल चळवळीची सुरुवात सांगताना इतिहासकार ही दोन ठिकाणं शेजारी शेजारी ठेवतात. अझुसाला जाऊन आलेल्या चार्ल्स मेसनच्या पंथात टाळ्या, डफ आणि गिटार यांना जागा होती. रोझेटा थार्प त्याच पंथात वाढली.

आणखी एक धागा आपल्याकडे येतो. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांमध्ये मुसलमानही बरेच होते. सिल्व्हियान दियुफ या इतिहासकार बाईंनी अमेरिकेतल्या मजुरांची एक जुनी हाळी आणि अजान शेजारी ठेवून दाखवलं आहे: एकाच अक्षरावर आवाज लांबवणं, हेलकावे देणं, मध्येच थांबणं. ब्लूजच्या मुळाशी ही रीतही असावी, असं त्यांचं म्हणणं. वाद घालायला जागा आहे, पण कान देऊन ऐकलं तर म्हणणं सहज उडवून लावता येत नाही.

मग आपल्या घरातलं बोलू. मदरशात किरात शिकलेला, मिलादच्या जलशात नात म्हणणारा मुलगा असतो. तोवर सगळे माशाअल्लाह म्हणतात. तोच मुलगा प्रेमाचं एक गाणं रेकॉर्ड करतो आणि त्याच मोहल्ल्यातून तौबा ऐकू येते. मुलगी असेल तर गाणं ऐकण्याआधीच निकाल लागलेला असतो. संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, ते खरे आणि जुने आहेत. ते नाहीतच असं दाखवणं अप्रामाणिकपणाचं. पण ते मतभेद आहेत, एकमत नाही, हेही तितकंच खरं. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आणि निवाड्याचा मोठा भार ऐकणाऱ्याच्या मनावर टाकला. तेच गाणं एकाला वर नेईल, दुसऱ्याला खाली. निजामुद्दीन औलियांना समाबद्दल दिल्लीत सुलतान गियासुद्दीन तुघलकासमोर उलेमांना उत्तरं द्यावी लागली. त्यांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब दख्खनमध्ये आले, त्यांची दर्गाह खुलताबादला आहे, आणि समाची आवड ही त्यांची ओळखच होती.

शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर यांना यातलं काहीच पुस्तकातून शिकावं लागलं नसावं. या मोमीन घरातल्या माणसाने तमाशासाठी आयुष्यभर गाणी, लावण्या आणि वगनाट्यं लिहिली. तमाशा गणाने सुरू होतो, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने, आणि मग गवळण. त्यांच्याआधी दोनशे वर्षं जेजुरीचे सगनभाऊ, जातीने मुसलमान शिकलगार, पेशवाईतल्या पुण्यात होनाजी-बाळाच्या फडाशी टक्कर घेत होते. तिथेही श्रोत्यांचे तट होतेच, पण भांडण फडावरून होतं. कवठेकरांना राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला. 2021 मध्ये ते गेले. आपल्यातल्या किती जणांना त्यांचं नाव त्याआधी माहीत होतं?

मला खटकतं ते इतकंच. गाणं आवडलं नाही, सूर कच्चा आहे, शब्द फालतू आहेत, हे बेधडक सांगावं. पहिल्या अल्बमवर तर सांगावंच, त्याशिवाय पोरं शिकणार कशी. अरेथाच्या पहिल्या अल्बमवरची दुसरी तक्रार अशीच होती आणि ती बरोबर ठरली. 1967 मध्ये कंपनी बदलून ती चर्चच्या पद्धतीने पियानोवर बसली, तेव्हा कुठे जगाने तिला सोलची राणी म्हटलं. पहिली तक्रार मात्र तिच्या गाण्याबद्दल नव्हतीच, तिच्या ईमानाबद्दल होती.

जानेवारी 1972 मध्ये ती लॉस एंजेलिसच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये दोन रात्री फक्त धार्मिक गाणी गायली. त्याचा अल्बम तिच्या सगळ्यांत जास्त खपलेल्यांपैकी एक ठरला. वडील तिथे होते. त्यांनी उभं राहून लोकांना सांगितलं की ही चर्च सोडून कधी गेलीच नव्हती.